रे

सगुणने मला नाव ठेवलंच नाही.
‘रे’ म्हणायचा.
‘रे, चल.’ ‘रे, जेवलास?’ ‘रे, पाणी उतरलं बघ.’
फेरीबोटीवरचे खलाशी मला कप्तान म्हणत,
आणि फेलिसिदादबाय, मी तिच्या कोंबड्यांमागे लागलो की,
पोर्तुगीजमध्ये काहीतरी ओरडायची; ते नाव नसावं.
मी वळायचो तो ‘रे’लाच.

आता बिंबलीच्या मुळांशी आहे, अडीच हात खोल.
खड्डा त्यानंच खणला. शेजारचा पोरगा फावडं घेऊन आला,
त्याला हातानंच परत पाठवलं.
मला गुंडाळलं सुलूच्या शालीत,
सहा वर्षं ट्रंकेत होती ती, लेकीलाही दिली नव्हती.
डांबरगोळ्यांच्या खाली अजून तीच आहे,
खोबरेल, अबोली, थोडा चुलीचा धूर.
माणसांना हे कळत नाही,
त्यांची नाकं फक्त चष्मा ठेवायला.

‘प्रामाणिक होता,’ लोक म्हणाले.
मेलेल्या कुत्र्याला दुसरं विशेषण मिळत नाही.
खरं सांगतो आता, कोण मारणार आहे?
दर शुक्रवारी फेलिसिदादबायच्या मागच्या दारी
मी बांगड्याची डोकी खायचो,
आणि घरी येऊन सगुणच्या पेजेलाही शेपूट हलवायचो.
एकदा एका पिवळ्या कुत्रीपायी
बोटीत बसून रायबंदरला गेलो,
दोन दिवस आलोच नाही.
परतलो तर धक्क्यावर तो.
दाढी वाढलेली, हातात माझी थाळी.
‘रे,’ म्हणाला. एवढंच.
प्रामाणिक तो होता.

मानशीच्या बांधावर कधीतरी चर्चा व्हायची.
म्हैस म्हणायची, माणसं आपल्याला पाळतात.
मांजर म्हणायचं, छे, आपण त्यांना.
मी दोघांनाही हो म्हणायचो,
कारण मला तेव्हा पिसवा चावत असायच्या.
आता पिसवा नाहीत. विचार करायला वेळ आहे.

तर असं बघा:
हा माणूस भिंतीवर कोळशानं
भरती-ओहोटीच्या वेळा मांडायचा,
कुठल्या रात्री मानशीचं दार उघडायचं,
किती वाजता जाळं लावायचं,
महिनाभर पुढचं, मिनिटाचा फरक नाही.
मला नारळाच्या करवंटीएवढा उचलून आणला तेव्हा
माझा हिशेब त्याला आला नसेल?
बारा वर्षं, फार तर तेरा.
आला असणार.
तरी आणलं.
यावर म्हशीकडे उत्तर नव्हतं, मांजराकडेही नाही.

वैजू स्विंडनहून फोन करायची रविवारी.
फोनच्या काचेत बघून तो म्हणायचा, सगळं बरं आहे, थंडी सांभाळ.
गुडघ्याचं मला सांगायचा.
कर्जाचं नाही, कर्ज नव्हतंच,
पण रात्री दोनला उठून भात शिजवावासा वाटतो, ते,
दोन माणसांचा शिजतो, ते.
तो जास्तीचा भात कोण संपवायचं, वेगळं सांगायला नको.

भिंतीवर दत्ताची तसबीर. तिच्यात चार कुत्रे,
सगळे वर बघतात, चेहरे गंभीर.
लोक म्हणतात ते चार वेद.
असतील.
पण त्यांच्या कानामागे कुणी खाजवताना दिसत नाही,
मला त्यांची दया यायची.

काल पहाटेच्या ओहोटीला तो बाहेर पडला,
एका हातात बॅटरी, खांद्यावर जाळं.
पायरीवर म्हणाला, ‘रे.’
मग थांबला.
बराच वेळ चिखलातले बेडूक तेवढे बोलत होते.

कुंपणावर फेलिसिदादबायचं मांजर होतं.
त्यानं मान वळवली.
मांजरं कुणाच्या हाकेला वळत नाहीत, मला ठाऊक आहे,
म्हणून मी पाहिलं नाही असंच समज, बाबा.
पण जाणारच असशील तर ऐक.
तो बांधाच्या डाव्या कडेनं चालतो.
तिसऱ्या माडापुढचा दगड सुटा आहे,
बॅटरी तिथं नेमकी मिचमिचते.
तू पुढे हो.
दगडाशी थांब, अंग चाटत बसल्यासारखं कर.
तो वैतागेल, म्हणेल काहीतरी.
तुला नाव ठेवणार नाही.